उत्तर मागच्या पानावर नसतं तेव्हा

पेट किंवा नेटसाठी ‘रिसर्च ॲप्टिट्यूड’ची जाडजूड गाईडं वाचून कंटाळला असाल, तर आज एक वेगळं पुस्तक सुचवते. ते दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलंय. हसू नका. पुरावा म्हणजे काय, त्यातून किती सिद्ध होतं आणि किती होत नाही, हे यातून फार चांगलं कळतं. काही वेळा तर पुस्तक जिथे चुकतं तिथेच ते जास्त कळतं.

पुस्तक आहे डोनाल्ड सोबोल या अमेरिकन लेखकाचं ‘एन्सायक्लोपीडिया ब्राऊन, बॉय डिटेक्टिव्ह’, 1963 सालचं. नंतर त्याची मोठी मालिका झाली. आयडाव्हिल नावाच्या गावातला लेरॉय ब्राऊन इतका वाचतो की सगळे त्याला एन्सायक्लोपीडियाच म्हणतात. वडील गावचे पोलीस प्रमुख. अवघड केस आली की ते जेवणाच्या टेबलावर ती मुलाला सांगतात. मुलगा डोळे मिटतो, एकच प्रश्न विचारतो आणि केस सुटते. गावात नाव मात्र वडिलांचं! (गाईड आणि विद्यार्थी यांच्या नात्याबद्दल मी इथे काहीही बोलणार नाही.) सुट्टीत पोरगं गॅरेजमध्ये स्वतःची एजन्सी उघडतं. फी दिवसाला 25 सेंट, वर खर्च वेगळा.

विनोद आहे तो या गंभीरपणात. किरकोळ वस्तूवरून दोन पोरं भांडत असतात आणि आपला हीरो खुनाचा तपास असल्यासारखा त्यात उतरतो. गावगुंड बग्ज मीनी दर पुस्तकात नवी लबाडी घेऊन येतो आणि दर वेळी तोंडावर आपटतो. हाणामारीचं खातं सॅली किंबॉल या मुलीकडे. साठच्या दशकातल्या पुस्तकात डोकं मुलाचं आणि ठोसा मुलीचा, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

एका पुस्तकात दहा छोट्या केसेस आणि प्रत्येकीचं उत्तर मागे. तुम्ही थांबायचं, विचार करायचा, मगच पान उलटायचं.

एक केस बघू. एका माणसावर चोरीचा संशय आहे. तो म्हणतो, मी दिवसभर शेकडो मैल गाडी चालवून आत्ताच पोचलोय. त्याचा अनवाणी भाचा गाडीच्या बॉनेटवर खुशाल चालतोय. एवढी गाडी चालवली असती तर बॉनेट तापलं असतं आणि बाळाने भोकाड पसरलं असतं. बाळ खूश, म्हणजे गाडी इतका वेळ चाललेलीच नाही.

हे किती सुंदर आहे बघा. दावा घ्यायचा, तो खरा असेल तर आणखी काय दिसायला हवं ते काढायचं, आणि ते दिसतंय का ते तपासायचं. कार्ल पॉपरचा फॉल्सिफिकेशनचा विचार तुम्ही सिलॅबसमध्ये पाठ करता, तो इथे एका बाळाच्या तळपायावर उभा आहे. मेथडॉलॉजीचं कुठलंही लेक्चर हे इतक्या कमी शब्दांत सांगत नाही.

पण आता जरा खडूसपणा करू. बाळामुळे काय सिद्ध झालं? तो प्रवासाबद्दल खोटं बोलला, इतकंच. चोरी त्याने केली हे त्यातून निघत नाही. माणसं वेगळ्या कारणांसाठीही खोटं बोलतात. आपली सबब मोडली म्हणजे आरोप सिद्ध झाला असं होत नाही. त्यासाठी वेगळा, स्वतंत्र पुरावा लागतो.

तलवारीची केस याहून चांगली आहे. बग्ज मीनी एका पोराला सायकलच्या बदल्यात तलवार द्यायला निघालाय. म्हणतो, ही अमेरिकन यादवी युद्धातल्या जनरल स्टोनवॉल जॅक्सनची. तलवारीवर ‘बुल रनची पहिली लढाई’ असं कोरलंय, आणि ती त्याच्या सैनिकांनी त्याला ऑगस्ट 1861 मध्ये भेट दिली असंही. एन्सायक्लोपीडिया दोन चुका पकडतो. दुसरी लढाई झाली ऑगस्ट 1862 मध्ये. मग वर्षभर आधी कोरणाऱ्याला ही ‘पहिली’ आहे हे कसं कळलं? शिवाय जॅक्सन दक्षिणेकडचा. दक्षिणेचे लोक या लढाईला मनॅसस म्हणत, बुल रन नव्हे. एकच निष्कर्ष आणि त्याकडे नेणारे दोन वेगळे रस्ते. थीसिसमध्ये असं जमलं तर परीक्षक खूश होतो.

तरीही विचारा: खोटं काय ठरलं, तलवार की कोरलेला मजकूर? जुन्या तलवारीवर कुणीतरी नंतर ती ओळ कोरली असेल तर? तलवारीचं वय धातूवरून, घडणीवरून बघावं लागेल. पुस्तक तिथे जात नाही, कारण सायकल वाचवायला एवढं पुरेसं आहे. लेखकाला दोष देत नाही मी. पण तुम्ही एखादा पेपर वाचता, एका टेबलमधली बेरीज जुळत नाही असं दिसतं, आणि लगेच ‘सगळा डेटा बनावट!’ असा मेसेज लॅबच्या ग्रुपवर टाकता, तेव्हा तुम्ही तलवार आणि मजकूर यांची गल्लत करत असता. टायपिंगची चूक, राउंडिंग, वगळलेले नमुने, कितीतरी शक्यता आधी तपासायच्या असतात. आरोप कुणाच्या तरी करिअरवर असतो.

दुसरी तक्रार जास्त मोठी आहे. आयडाव्हिलमध्ये विसंगती दाखवली की गुन्हेगार गुपचूप कबूल होतो. निसर्ग कबूल होत नाही. तुमचा पेशींचा कल्चर मेला, तर तो ‘हो, मीच, इन्क्युबेटरमधल्या बुरशीमुळे’ असं म्हणत नाही. आणि प्रत्येक केसमध्ये लागेल तेवढी माहिती आधीच दिलेली असते. प्रयोगशाळेत कुठली माहिती लागेल हेच आधी शोधावं लागतं. म्हणून मला या बाबतीत आपला फास्टर फेणे जवळचा वाटतो. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बन्या टेबलावर बसून डोळे मिटत नाही. तो सायकल हाणतो, नको तिथे घुसतो, अडकतो, ‘ट्टॉक’ करतो आणि पुढे सरकतो. पुरावा त्याच्याकडे चालत येत नाही. तर्काच्या शुद्धतेत एन्सायक्लोपीडिया पुढे, पण फील्डवर्कला मी बन्यालाच नेईन.

सोबोलची पुस्तकं पातळ आहेत, एक दोन तासांत संपतं. वाचताना वहीत दोन रकाने करा: काय सिद्ध झालं, आणि काय फक्त वाटलं. मगच मागचं पान उघडा. बॉनेट आणि तलवार मी फोडून टाकलीच आहे, तेव्हा कलिंगडात रुतलेल्या सुरीच्या केसपासून सुरुवात करा. पातं पूर्ण आत आहे, एवढं लक्षात ठेवा. बाकी कमेंटमध्ये भांडू.