‘जुरासिक पार्क’ आणि संभावनाविरह

अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या सात रसविघ्नांत संभावनाविरहाला पहिले स्थान आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जुरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटात हे विघ्न वारंवार आढळते. तरीही आस्वाद खंडित होत नाही. टायरॅनोसॉरस रस्त्याच्या पातळीवरूनच कुंपण ओलांडतो; थोड्याच वेळात त्याच कठड्यावरून मोटार खोल कोसळते. पाऊस, अंधार आणि मुलांचा आकांत यांत भयानक रस इतका दाटलेला असतो की ही चूक बहुधा चित्रपट दुसऱ्यांदा पाहतानाच ध्यानात येते.

शेवटच्या प्रसंगातील दोष मात्र वेगळ्या जातीचा आहे. पेल्यातील पाण्यावरचे तरंग ही त्या प्राण्याच्या आगमनाची खूण चित्रपटानेच प्रेक्षकाच्या मनावर ठसविलेली असते. तोच अवाढव्य प्राणी अखेरीस दालनात निःशब्दपणे अवतरतो आणि रॅप्टरांच्या तावडीतून माणसे सुटतात. खरा व्हेलोसिरॅप्टर जेमतेम टर्कीएवढा होता, ही तडजोड क्षम्य ठरते, कारण तिचा संबंध बाहेरच्या सत्याशी आहे. येथे कलाकृतीने स्वतःच घालून दिलेला नियम मोडला आहे. टाळ्या वाजविणारा प्रेक्षक त्यामुळे फसतो असे नव्हे. त्याला ती सुटका हवीच असते, आणि घरी परतताना तोच त्या न वाजलेल्या पावलांविषयी कुरकुरतो.