‘करमत नाही’चे चित्र

ए-फोर आकाराच्या एका कागदाला तीन घड्या घातल्या की त्याचे आठ भाग होतात. मधल्या घडीवर कात्रीने एक चीर दिली आणि कागद दुमडला की आठ पानांची पुस्तिका तयार होते. शिलाई लागत नाही, डिंकही लागत नाही. मूळ कागद एकाच बाजूने झेरॉक्स करायचा आणि प्रत्येक प्रतीला पुन्हा त्याच घड्या घालायच्या. इंग्रजीत अशा घरगुती नियतकालिकाला ‘झाइन’ म्हणतात. अमेरिकेत 1930 नंतर विज्ञानकथांच्या हौशी वाचकांनी स्वतः काढलेल्या अंकांपासून हा प्रकार सुरू झाला आणि 1970 नंतर झेरॉक्सच्या सोयीने तो पसरला.

भंडाऱ्यात अशी एक पुस्तिका आमच्या हाती आली. ती करणारी कॉलेजात शिकणारी, मुस्लिम कुटुंबातली मुलगी आहे. पुस्तिकेवर तिने नाव घातलेले नाही, म्हणून आम्हीही ते देत नाही. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडले तर आत सहा पाने आहेत. प्रत्येक पानावर एक चित्र, एक-दोन ओळी आणि एक मनःस्थिती. विषय म्हणाल तर रोजचाच: आज मन कसे आहे?

पहिल्या पानावर पाण्याचा पितळी गुंड आहे. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात गुंडाचे चित्र काढणे नवे नाही. पण हा गुंड घासलेला नाही. चिंच लावायची राहून गेल्याने तो काळवंडला आहे, एका बाजूला त्याला पोचा पडला आहे. खाली दोनच शब्द आहेत, ‘करमत नाही’. मराठीतला हा शब्दप्रयोग मोठा विलक्षण आहे. त्यात कुणी काही केलेले नसते आणि कुणाचा दोषही नसतो. घरातल्या बोलीत ‘जी नहीं लगता’ म्हटले तर त्यात निदान ‘जी’ तरी असतो. ‘करमत नाही’ला तोही आधार नाही. दोन्ही भाषा रोज बोलणाऱ्या या मुलीने इथे नेमका मराठी शब्द निवडला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या पानावर बसस्थानकावरच्या बाकाखालचे पाय आणि पिशव्या आहेत. तिसरे पान रमजानचे आहे, पण त्यात चंद्रकोरही नाही आणि मशिदीचा मिनारही नाही. सहरीनंतर झोप न लागलेली पहाट आणि वीज गेल्याने थांबलेला पंखा, एवढेच आहे. चौथ्या पानावर राग आहे. सगळे पान बॉलपेनने काळे केले आहे. झेरॉक्समध्ये तो काळा रंग फिकट होऊन पट्टे उमटले आहेत, आणि राग निवत जावा तसा तो दिसतो. हे तिने ठरवून केले की यंत्राने, हा प्रश्न आम्ही विचारणार नाही.

पाचवे पान मात्र फसले आहे. ‘निराशा’ असे लिहून तिने गुडघ्यात डोके घातलेली, केस मोकळे सोडलेली मुलगी काढली आहे. हे चित्र तिचे नाही. ते भेटकार्डांवरून, कथांच्या शीर्षचित्रांवरून आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत येऊन बसलेले आहे. गुंडाच्या पानावर तिने स्वतः पाहिले होते, इथे ती आठवून काढते आहे. शेवटच्या पानावर पावसात दोरीवर विसरलेली ओढणी येते आणि तिथे ती पुन्हा स्वतःच्या नजरेकडे वळते. त्या पानाला शब्द नाहीत. त्यांची गरजही नाही.

ही पुस्तिका आम्ही काही लेखकमित्रांना दाखवली. एकाने विचारले, ‘यात आपला प्रश्न कुठे आहे?’ हा आक्षेप टाळून चालणार नाही. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्या लेखनाने दारिद्र्य, दंगल, संशयाची नजर, स्त्रीची कोंडी हे विषय मांडले. ते मांडणे गरजेचे होते आणि आजही आहे. पण त्या ओघात एक सवय जडली. लिहिणारा प्रत्येक जण समाजाच्या वतीने साक्ष देऊ लागला. साक्षीदाराला कंटाळा येण्याची मुभा नसते. आपल्या कथेतली मुलगी रडते ती अन्यायामुळे आणि हसते ती मुक्तीमुळे. उगाच उदास होणे किंवा उगाच खूश होणे आपण तिला दिलेच नाही. जिला कारणाशिवाय करमत नाही, तीही आपलीच मुलगी आहे. तिला पूर्ण माणूस म्हणून पाहणे हाही आपलाच प्रश्न आहे.

आपल्याकडे हस्तलिखिते पुष्कळ निघाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात कार्डशीटच्या मुखपृष्ठाचा अंक मांडला जातो आणि मग कपाटात जातो. त्यात सुविचार असतात, थोरांची चरित्रे असतात, मुलांचे मन क्वचितच असते. दुसरीकडे, कोलटकर, चित्रे आणि रमेश समर्थ यांचे ‘शब्द’ 1955 च्या सुमारास चक्रमुद्रित स्वरूपात निघाले, तेव्हा साधनांच्या कमतरतेतूनच एक मोकळीक मिळाली होती. भंडारा जिल्ह्यालाही रेषेचा वारसा आहे. लाखनीत 1928 साली जन्मलेल्या भाऊ समर्थांनी आपली रेखाटने लघुनियतकालिकांना दिली. मोठ्या चित्रकाराची रेषा छोट्या अंकात शोभते, हे त्यांनी दाखवून दिले.

हाताने लिहिणे आपल्याला परके नाही. उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे कातिबांच्या हातून उतरली. चेन्नईचे ‘द मुसलमान’ 1927 साली सुरू झाले आणि एकविसाव्या शतकातही ते हातानेच लिहिले जात होते. मात्र कातिबाचे कौशल्य स्वतःचा मूड अक्षरात उतरू न देण्यात होते. या मुलीने तेच कष्टाचे साधन उलट्या कामासाठी वापरले. तिचे अक्षर रागाच्या पानावर कलते, पहाटेच्या पानावर बारीक होते.

या पुस्तिकेला मर्यादा आहेत. सहा पानांत मनःस्थिती दिसते, पण ती बदलत जाताना दिसत नाही. एका पानाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही. पुढच्या पुस्तिकेत एकच दिवस घेऊन त्याची सहा पाने करता येतील, असे आम्हाला सुचवावेसे वाटते. प्रती थोड्या आहेत आणि त्या हातोहात जातात, ही मात्र आम्ही उणीव मानत नाही. असे मन ओळखीच्या हातातच आधी उघडते.

आपल्या संमेलनांत पुस्तकांच्या टेबलाशेजारी अशा घडीच्या पुस्तिकांसाठी एक छोटे टेबल असावे. तिथे कुणी कुणाला ‘यात प्रश्न कुठे आहे’ असे विचारू नये. ‘आज कसे वाटते आहे?’ एवढेच विचारावे.