दरबारातील भूकमळे

फुलाफळांची चित्रे भिंतीच्या शोभेपुरती, त्यांत विचार तो काय असणार, असा समज आपल्या घराघरांतून रूढ आहे. मुघल दरबारचा चित्रकार उस्ताद मन्सूर याची फुले पाहिल्यावर हा समज तपासून घ्यावा, असे आम्हास वाटते.

१६२० साली जहांगीर बादशहा काश्मीरला गेला. तेथील शंभराहून अधिक फुले मन्सूरने रंगविली, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांपैकी फार थोडी आज उरली आहेत. अलीगढच्या विद्यापीठातील तांबडे ट्यूलिप हे त्यांतील विख्यात चित्र. येथे फुलदाणी नाही, बागही नाही. एकच रोप आहे आणि पानापाकळ्यांकडे निष्ठेने लावलेली नजर आहे.

या नजरेमागे एक परिचित धागाही आहे. १५८० साली फादर रुडॉल्फ अक्वाविवा आदी येशूसंघीय धर्मगुरू अकबराच्या दरबारी आले. त्यांच्यामार्फत युरोपीय मुद्रितचित्रे तेथील कलावंतांपर्यंत पोहोचली. युरोपातील वनस्पतिग्रंथांशी मुघल फुलचित्रांचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. तरीही मन्सूरची फुले ही नक्कल नव्हे. काश्मीरची माती तीत स्पष्ट जाणवते.

पुढे या फुलांची नक्षी झाली. शहागंजाहून फार दूर नसलेल्या बिबी का मकबऱ्यात (१६६०-६१) गिलाव्यावर आणि दाराच्या पितळी पत्र्यावर तीच रोपे ओळीने उमटली आहेत. एका रोपाचे वेगळेपण त्या ओळीत हरवते, हा दोष आम्ही नाकारीत नाही. परंतु ही कबर आहे दिलरस बानू बेगमेची. १६५७ साली मुलाला जन्म दिल्यानंतर काही आठवड्यांतच ती निवर्तली. मृतांच्या दिनी आपण कबरींवर फुले वाहतो, तीही दरवर्षी तीच असतात. शोकाला नावीन्याची गरज नसते. हे ध्यानी घेतले की ती पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटत नाही.

शलमोनाचे सारे वैभव रानातील भूकमळांपुढे फिके, असे प्रभूने शिकविले. मन्सूर वैभवाच्या सेवेत होता, पण फुलापुढे बसताना त्याने वैभव बाजूस ठेवले. म्हणूनच त्याची कला टिकली. शहागंजच्या बाजारात आपण वेदीसाठी फुले आणि घरासाठी सीताफळे घेतो, ती बहुधा भाव पाहून. पिशवीत टाकण्यापूर्वी त्यांतील एखाद्याकडे वाचकांनी क्षणभर नीट पाहावे, एवढीच आमची विनंती.