घुगरी, आरसा आणि राणीछाप रुपया

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद-दिग्रस भागातल्या बंजारा तांड्यांवर जुन्या वळणाची एखादी याडी, म्हणजे आई, दिसली, की नजर आधी तिच्या फेटिया-कांचळीवरच्या, म्हणजे घागरा-चोळीवरच्या, आरशांवर जाते. सुरुवात मात्र कानशिलापासून करावी. तिथे बटेला गुंफलेली चांदीची घुगरी-टोपली लोंबत असते. मान वळली की किणकिणते. ही लग्न झालेल्या बाईची खूण. दंडावरच्या बांगड्यांचा चुडोही तसाच, पूर्वी हस्तिदंती, आता बहुधा प्लास्टिकचा. नवरा गेला की दोन्ही उतरवायचे. मंगळसूत्र जे काम पदराआड करतं, ते घुगरी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना वाजतगाजत करते. तिचा हा धीटपणा मला आवडतो. ती उतरवण्याची सक्ती नाही आवडत.

आरसे दृष्ट लागू नये म्हणूनही असतात, असं मानतात. दृष्टीचं भय जगभर आहे, तोडगे वेगळे. तुर्कस्तान-ग्रीसकडे निळ्या काचेचा डोळा बाळगतात, म्हणजे नजरेला नजर. आपण बाळाच्या गालाला तीट लावतो, मनगटात काळे मणी बांधतो. रूप थोडं बिघडवून नजर चुकवतो. कांचळीवरचा आरसा यातलं काहीच करत नाही. तो टक लावणाऱ्याला त्याचंच तोंड दाखवतो. एवढा खट्याळ ताईत दुसरा मला माहीत नाही.

आणि पोशाखावरच्या कवड्या? यवतमाळला समुद्र कुठला! पण मालदीवची कवडी भारतात शतकानुशतकं चलन म्हणून चालली, आणि बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारे लमाण, म्हणजे बंजारा, बाजारपेठांतूनच फिरत. तुळजाभवानीचे आराधी तीच कवडी देवीची म्हणून गळ्यात घालतात.

गळ्यातल्या रुपयांच्या माळेतही हाच दुहेरी अर्थ. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, त्यात जवळपास 92 टक्के चांदी. राणीचं तोंड मिरवायला, वजन अडीनडीला. 1940 मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा जुन्या माळांचं मोल आपसूक वाढलं असणार. ज्याला आपण शोभा म्हणतो, ती तांड्यावरच्या बाईची बँक होती.

2024 च्या ऑक्टोबरात पोहरादेवी या तीर्थस्थानी बंजारा वारशाचं संग्रहालय उघडलं, हे चांगलंच झालं. पण तुमच्या घरात घुगरी असेल, तर सराफाकडे मोडीत घालण्याआधी याडीला विचारून एकेका डागाचं नाव, तो कधी घालायचा आणि कधी उतरवायचा, हे लिहून ठेवा.