हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा : साधनांची चिकित्सा

तेरखेडा ज्या धाराशिव जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील हिप्परगा येथें इ. स. १९२१ मध्यें राष्ट्रीय शाळा निघाली. निजामी राज्यांत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. उस्मानिया विद्यापीठहि (स्थापना १९१८) त्याच भाषेंत शिकवी. यावरून या शाळेचें महत्त्व ध्यानांत येतें.

परंतु तिच्याविषयींचें लेखन बहुधा मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढील स्वामी रामानंद तीर्थ, यांच्याभोवतींच फिरतें. स्वामीजींच्या आठवणींचा इंग्रजी ग्रंथ १९६७ सालचा. त्याची योग्यता आम्ही मानतों. तथापि त्याचा विषय मुक्तिलढा असून तो संस्थान १९४८ त मुक्त झाल्यानंतरचा आहे. शेवट ठाऊक असलेला लेखक आरंभहि त्याच प्रकाशांत पाहतो. तेवढ्यावरून प्रत्येक विद्यार्थी लढ्यासाठींच शाळेंत आला, असें अनुमान काढणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं.

मुलगा कोणत्या गांवचा, किती वर्षें टिकला, सुगींत घरीं राहिला काय, त्याचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्न आठवणींनीं सुटणारे नव्हेत. त्यांस हजेरीपट, जमाखर्चाच्या वह्या व पालकांचीं पत्रेंच हवींत. पोथ्या व सनदा जपणाऱ्या संग्राहकांनीं असले कागद क्षुल्लक मानूं नयेत. तेरखेड्यापासून हिप्परग्यापर्यंत कोणाच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल, तर ती रद्दींत जाण्यापूर्वीं तिची नक्कल करून ठेवावी. गुरूंचें चरित्र आपणांस उपलब्ध आहे. आतां शिष्यांचा शोध घेतला पाहिजे.