बाइटक्रमाचा प्रश्न : एका निबंधाचे परीक्षण

डॅनी कोहेन यांचा बाइटक्रमावरील निबंध १ एप्रिल १९८० रोजी प्रसृत झाला व ऑक्टोबर १९८१ मध्ये 'कॉम्प्यूटर' या नियतकालिकात छापला गेला. अनेक बाइटांची संख्या मांडताना मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवावा की लहान स्थानाचा, हा त्याचा विषय. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणारे पक्ष कोहेन यांनी स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर'मधून घेतले, आणि 'बिग एंडियन' व 'लिटल एंडियन' या संज्ञा संगणकशास्त्रात रूढ झाल्या. क्रम कोणता यापेक्षा त्यावर एकमत होणे महत्त्वाचे, हा त्यांचा निष्कर्ष. तो मान्य करूनही, डिस्कच्या बाबतीत तो अपुरा पडतो असे प्रस्तुत लेखकास वाटते.

क्रम हा केवळ संकेत होय, हे भाषाभ्यासकास नव्याने सांगावयास नको. '२५' लिहिताना आपण दशक आधी लिहितो. उच्चारात मात्र पाच आधी येतो. 'एकशे पंचवीस' यात शतक, एकक, दशक असा मिश्र क्रम आहे. पीडीपी-११ या यंत्रावरही ३२ बिटांची संख्या बहुधा अशीच ठेवीत : दोन अर्धकांपैकी मोठे आधी, परंतु प्रत्येक अर्धकात लहान बाइट आधी. याने व्यवहार अडत नाही, कारण बोलणारा व ऐकणारा एकच संकेत पाळतात.

कोहेन यांचा प्रश्न संदेशांच्या क्रमाचा आहे. डिस्क हा संदेश नव्हे, दस्तऐवज होय. लिहिणारे यंत्र मोडीत निघाल्यावर ती भिन्न क्रमाच्या यंत्रास जोडली जाऊ शकते; तेथे खुलासा विचारण्यास कोणी उरत नाही. चार बाइटांत मांडलेला '१' हा खंडक्रमांक उलट वाचला तर तो १,६७,७७,२१६ होतो. खंड ५१२ बाइटांचा धरल्यास लेखन आठ गिगाबाइट दूर जाऊन पडेल व तेथील मजकूर नष्ट होईल.

शिवाय डिस्क ड्रायव्हरला एकच क्रम पाळून भागत नाही. स्कझी आज्ञांतील क्रमांक बिग एंडियन, तर एनव्हीएमईचे लिटल एंडियन. एटीए डिस्कच्या ओळखपत्रात संख्यांचा क्रम एक व अक्षरांचा दुसरा. लिटल एंडियन यंत्राने ती अक्षरे जशीच्या तशी वाचली, तर 'गणपत'चे 'णगतप' व्हावे तशी गत होते. याउलट वापरणाऱ्याच्या मजकुरातील बाइट ड्रायव्हरने मुळीच उलटवू नयेत. त्यांचा अर्थ त्यास ठाऊक नसतो. म्हणजे येथे एकमताइतकाच विवेकही हवा : कोणते पद कोणत्या क्रमाचे, याचा.

यावर योजलेले उपाय उद्बोधक आहेत. सीडीसाठीच्या आयएसओ ९६६० या मानकात अनेक संख्या दोन्ही क्रमांनी लिहितात. हा द्विभाषिक फलक झाला. झेडएफएसमध्ये यंत्र आपल्या क्रमाने लिहिते व तो क्रम नोंदवून ठेवते; वाचणारा गरजेप्रमाणे उलटवितो. लिनक्समध्ये लिटल एंडियन व बिग एंडियन संख्यांना निराळे प्रकार दिले असून, टोरव्हाल्ड्स यांनी २००३ साली आरंभिलेले 'स्पार्स' हे साधन त्यांची सरमिसळ दाखवून देते.

या तिसऱ्या उपायास प्रस्तुत लेखक श्रेष्ठ मानतो. पहिल्या दोहोंत क्रमाचा निर्वाह डिस्कवरील मांडणी करते. येथे तो आज्ञावलीच्या व्याकरणात शिरतो. विभक्तिप्रत्ययाने पदाचा वाक्यातील संबंध कळावा, तसा प्रकारावरून संख्येचा क्रम कळतो, आणि चूक डिस्कवर उतरण्यापूर्वीच अपप्रयोग म्हणून उघडी पडते. उणीव एवढीच की हे व्याकरण सक्तीचे नाही. संकलक त्याविना आज्ञावली मुकाट्याने स्वीकारतो. 'स्पार्स' चालविले तरच दोष दिसतो.

कोहेन यांनी तहाची विनंती केली. परंतु अनेक तह एकाच वेळी अंमलात असताना प्रत्येक पदावर त्याच्या तहाची खूण हवी, एवढी पुस्ती त्यांच्या निबंधास जोडणे अवश्य आहे.