यंत्रकासवाची चूक आणि शिक्षकाचे मूल्यमापन

सीमूर पॅपर्ट यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या ग्रंथाने वर्गातील यंत्रकासवाला शैक्षणिक विचारात मानाचे स्थान मिळवून दिले. चूक म्हणजे अपयश नव्हे, तर दुरुस्त करावयाची आज्ञावली, हे त्यातील प्रतिपादन आकारिक मूल्यमापनाच्या तत्त्वाशी जवळचे नाते सांगते. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्येच घडणीच्या काळातील व अखेरच्या मूल्यमापनात भेद केला होता. तथापि चूक दिसणे आणि तिचे कारण कळणे या दोहोंतील अंतर ग्रंथकाराने पुरेसे जोखले आहे, असे म्हणवत नाही.

समभुज त्रिकोणाचे उदाहरण घेऊ. विद्यार्थी तीन वेळा ‘पुढे जा, ६० अंशांतून वळ’ अशी आज्ञा देतो. कासव षट्कोनाच्या तीन बाजू काढून थांबते. त्याने आंतरकोन घेतला. वळावयाचे असते बाह्यकोनातून, म्हणजे १२० अंशांतून. ही संख्या त्याला केवळ चाचपडत सापडली, तर आकृती साधेल, पण समज येणार नाही. उलट चाक घसरले, तर अचूक विचारही चुकीचा भासेल. केवळ आकृतीला गुण देणाऱ्या शिक्षकास हा फरक दिसतच नाही.

म्हणून कासव चालण्यापूर्वी ‘ते कोठे थांबेल?’ आणि चालल्यानंतर ‘सुसम पंचकोनासाठी किती वळवशील?’ हे प्रश्न अटळ ठरतात. ७२ हे उत्तर कारणासह आले, तरच अध्ययन घडले असे मानावे. यंत्र चूक दाखविते; तिचा अर्थ लावणे हे शिक्षकाचेच कार्य होय.